व्हीएममधली पीएमआय गेस्टपर्यंत नीट कशी पोचवायची

चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पर्वरीच्या ऑफिसात आमचा बिल्ड सर्व्हर नुकताच व्हीएममध्ये, म्हणजे खऱ्या मशीनवर (होस्टवर) चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये (गेस्टमध्ये), हलवला होता, आणि तो पूर्वीपेक्षा हळू का चालतोय ते बघायला मी गेस्टच्या आत पर्फ, म्हणजे कोडचा वेळ कुठे जातो त्याचे सॅम्पल घेणारं लिनक्सचं टूल, त्याचं रेकॉर्ड लावलं, तर सॅम्पल राहिले बाजूला आणि गेस्टचा डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, एकाच तक्रारीने भरून गेला, अननोन रीझनची एनएमआय (अडवता न येणारी इंटरप्ट) आलीय म्हणून, आणि खाली ती लिनक्सची ओळखीची ओळ, डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्रायिंग टू कंटिन्यू. शेजारी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली इंटर्न बसली होती, ती म्हणाली, "सर, रॅम गेली असेल का?" रॅम तपासली, ती ठीक होती. घोटाळा होता परफॉर्मन्स मॉनिटरिंग इंटरप्ट, म्हणजे पीएमआय, होस्टकडून गेस्टकडे जाते त्या वाटेवर. ती वाट मग आम्ही दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली, आणि तीच इथे लिहितोय, इंटेल आणि लिनक्स केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा भाग) धरून, मध्ये एएमडी आणि एआरएमचं लागेल तेवढं. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाइप करताना स्पेलिंग कर्नल सोर्समधून घ्या.

आधी पीएमआय म्हणजे काय ते

प्रोसेसरमध्ये मोजायचे काउंटर असतात. स्कायलेकवर हायपरथ्रेडिंग चालू असेल तर प्रत्येक थ्रेडला ४ जनरल आणि ३ फिक्स्ड, आइसलेकवर ८ आणि ४, प्रत्येक ४८ बिटचा. दर दहा लाख इन्स्ट्रक्शननंतर एक सॅम्पल हवं असेल तर काउंटरमध्ये उणे दहा लाख भरून ठेवायचं, तो वर मोजत जातो, शून्य ओलांडतो, ग्लोबल स्टेटस रजिस्टरमध्ये त्याचा बिट लागतो आणि लोकल एपीआयसीमध्ये (सीपीयूच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) एलव्हीटीपीसी नावाची जी नोंद आहे तिच्यात लिहिलंय त्या पद्धतीने सीपीयूला इंटरप्ट जाते. लिनक्स तिथे एनएमआय लिहून ठेवतं, कारण इंटरप्ट बंद करून चालणाऱ्या कोडचंही प्रोफाइल मिळालं पाहिजे.

आता व्हीएम आली. काउंटर तेवढेच आणि मागणारे दोन. केव्हीएमने यावर जो मार्ग काढला तो लिनक्स ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे, आणि तो असा की गेस्टला दिसणारा काउंटर हा हार्डवेअरचा काउंटर नसतोच. गेस्टने एखादा काउंटर चालू केला की केव्हीएम होस्टवर एक पर्फ इव्हेंट उघडतं, तो त्या व्हीसीपीयूच्या, म्हणजे गेस्टच्या आभासी सीपीयूच्या, थ्रेडला बांधतं, होस्टमध्ये असताना मोजू नकोस असं सांगतं, आणि गेस्टने काउंटरमध्ये जी उणे संख्या भरली असेल तिच्यावरून सॅम्पल पिरियड ठरवतं. त्यामुळे खरी पीएमआय नेहमी होस्टलाच येते, आणि गेस्टला मिळते ती केव्हीएमने नव्याने तयार केलेली असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण मी पाहिलेले सगळे बग या दोन पीएमआयच्या मधल्या जागेतच होते.

होस्टची तयारी

होस्टवर केव्हीएम मॉड्यूलचा इनेबल_पीएमयू हा पॅरामीटर वाय दाखवतो का ते बघा (पीएमयू म्हणजे प्रोसेसरचा हे काउंटर असलेला भाग). एन असेल तर गेस्टमध्ये डोकं फोडून उपयोग नाही, तो वाय करून मॉड्यूल परत लोड करा.

मग एनएमआय वॉचडॉग, पूर्ण अडकलेला सीपीयू (हार्ड लॉकअप) ओळखणारा. हा होस्टवर प्रत्येक सीपीयूचा एक काउंटर कायमचा धरून बसतो. पर्फमध्ये जागा देण्याचा क्रम ठरलेला आहे, सीपीयूला बांधलेले पिन्ड (काउंटर मिळालाच पाहिजे असे) इव्हेंट पहिले, टास्कला बांधलेले पिन्ड त्यानंतर, आणि केव्हीएमचे इव्हेंट दुसऱ्या गटातले. जागा उरली नाही तर केव्हीएमचा इव्हेंट एरर स्टेटमध्ये जातो आणि गेस्टला हे कुणीच कळवत नाही, त्याला काउंटर दिसतो, लिहिता येतो, फक्त आकडा हलत नाही. म्हणून चाचणीपुरता तरी होस्टचा कर्नल डॉट एनएमआय_वॉचडॉग शून्य करा. प्रॉडक्शनच्या होस्टवर मी तो बंद ठेवत नाही, हार्ड लॉकअप कळणं जास्त महत्त्वाचं आहे. आणि हो, ही व्हॅल्यू रीबूटला टिकत नाही. माझं टेस्ट मशीन फोंड्याला घरी आहे, पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएस संपला की मशीन परत उठतं ते वॉचडॉग चालू करूनच, आणि मग कालचे आकडे आजच्याशी जुळत नाहीत म्हणून अर्धा दिवस जातो. सिसकंट्रोलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओळ घालून ठेवा.

गेस्टला पीएमयू द्या आणि मिळालंय का बघा

क्यूएमूमध्ये (केव्हीएमवर व्हीएम चालवणारा प्रोग्राम) सीपीयू मॉडेल होस्ट ठेवा, पीएमयू ऑन लिहा. व्हीएम सांभाळायला लिबव्हर्ट वापरत असाल तर एक्सएमएलमध्ये फीचर्सखाली पीएमयूची ओळ, स्टेट ऑन, आणि सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू. क्यूएमूचं डिफॉल्ट मॉडेल तसंच ठेवलं, पीएमयू ऑन न लिहिता, तर पीएमयू मिळत नाही.

गेस्ट बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये परफॉर्मन्स इव्हेंट्स अशी ओळ शोधा. तिथे प्रोसेसरच्या पिढीचं नाव आणि इंटेल पीएमयू ड्रायव्हर असं आलं तर ठीक, नो पीएमयू ड्रायव्हर, सॉफ्टवेअर इव्हेंट्स ओन्ली असं आलं तर मागे जा. मग पर्फ स्टॅटने सायकल्स आणि इन्स्ट्रक्शन्स मोजून बघा. नॉट सपोर्टेड म्हणजे गेस्टला तो इव्हेंट दिलेलाच नाही, नॉट काउंटेड म्हणजे गेस्टच्या पर्फला इव्हेंट माहीत आहे पण मोजायची संधी मिळाली नाही. या दोन शब्दांत बरेच जण गल्लत करतात. एखाद्या क्लाउडवाल्याने काही इव्हेंट मुद्दाम गाळलेले असतील तर तेही इथेच कळतं, केव्हीएममध्ये ५.३ पासून इव्हेंट फिल्टरची सोय आहे.

खरा प्रवास: ओव्हरफ्लो ते गेस्टचा हँडलर

गेस्ट चालू आहे, व्हीसीपीयूचा थ्रेड सीपीयूवर आहे आणि होस्टचा खरा काउंटर ओव्हरफ्लो झाला. एनएमआय उठते आणि व्हीएम एक्झिट होते, म्हणजे सीपीयू गेस्टमधून होस्टमध्ये येतो, आणि एक्झिटचं कारण म्हणून 'एक्सेप्शन किंवा एनएमआय' असं नोंदलं जातं. केव्हीएम होस्टचा नेहमीचा एनएमआय हँडलर चालवतं, पण त्याआधी आपण गेस्टमधून आलेली एनएमआय हाताळतोय अशी खूण करून ठेवतं. होस्टचं पर्फ स्टेटस वाचतं, कुठला इव्हेंट भरला ते शोधतं आणि त्या इव्हेंटचा कॉलबॅक बोलावतं. कॉलबॅक केव्हीएमचा असेल तर हा ओव्हरफ्लो गेस्टच्या मालकीचा. केव्हीएम मग गेस्टच्या ग्लोबल स्टेटसच्या कॉपीमध्ये तो बिट लावतं आणि व्हीसीपीयूवर विनंत्या टाकतं, पहिली, काउंटर परत भरायची, आणि गेस्टने त्या काउंटरवर इंटरप्ट मागितली असेल तर दुसरी, पीएमआय द्यायची. एनएमआयच्या आत एवढंच. लॉक नाही, कुणाला झोपेतून उठवणं नाही, तिथे ते करताच येत नाही.

गेस्टमध्ये परत शिरण्यापूर्वी केव्हीएम या विनंत्या बघतं, आणि केव्हीएम_पीएमयू_डिलिव्हर_पीएमआय हे फंक्शन गेस्टच्या एपीआयसीला सांगतं की तुझ्या एलव्हीटीपीसीत लिहिलंय तशी इंटरप्ट दे. गेस्ट लिनक्स असेल तर तिथे एनएमआय लिहिलेलं असतं, म्हणून गेस्टमध्ये एनएमआय टोचली जाते.

हे झालं सरळ प्रकरण. पण पीएमआय ओव्हरफ्लोच्या क्षणी पोचत नाही, थोडी मागून येते. आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून जातो, आपण पिशवी घेऊन गेटापर्यंत येईतो तो दोन घरं पुढे गेलेला असतो, तसं. पर्फवाले याला स्किड म्हणतात आणि साध्या मशीनवर त्याचा त्रास एवढाच की सॅम्पलचा पत्ता काही इन्स्ट्रक्शन पुढचा दिसतो. व्हीएममध्ये त्याच उशिरात व्हीएम एक्झिट येऊन बसू शकते. काउंटर गेस्टमध्ये भरला, तेवढ्यात दुसऱ्याच कारणाने, समजा एखाद्या रजिस्टरच्या वाचनामुळे, एक्झिट झाली, आणि पीएमआय पोचली ती होस्टचा कोड चालू असताना. ओव्हरफ्लो गेस्टचा, पण पोचला तेव्हा आपण होस्टमध्ये. म्हणून इंटरप्ट आली तेव्हा कुठे होतो आणि काउंटर कुणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. पहिल्याचं उत्तर होस्टच्या स्वतःच्या प्रोफाइलसाठी लागतं, सॅम्पल गेस्टच्या नावावर टाकायचं की होस्टच्या. दुसऱ्याचं उत्तर गेस्टला पीएमआय द्यायची की नाही ते ठरवतं. पहिल्याच्या उत्तरावरून दुसरा सोडवला तर पीएमआय हरवतात.

यातच अजून एक अडचण आहे. त्या एक्झिटचं कारण एचएलटी (काम नसताना सीपीयू थांबवणारी इन्स्ट्रक्शन) असेल तर व्हीसीपीयू झोपायच्या वाटेवर असतो, परत गेस्टमध्ये शिरणारच नाही, कुणी उठवेपर्यंत. पीएमआयची विनंती तशीच पडून राहील. एनएमआयमधून थ्रेड उठवता येत नाही, म्हणून केव्हीएमने बरीच वर्षं आयआरक्यू वर्क वापरलं, म्हणजे एनएमआय संपल्यावर एक साधी इंटरप्ट येऊन उठवायचं काम करते. पण त्या वर्कमधूनच पीएमआय देत असल्यामुळे, त्याच एक्झिटमध्ये केव्हीएमने गेस्टची इन्स्ट्रक्शन स्वतः चालवून (एम्युलेट करून) दुसरा ओव्हरफ्लो आला की पुढच्या एंट्रीआधी पीएमआय दोनदा दिली जायची. २०२३ मध्ये हे बदललं, आता एका एक्झिटमागे फार तर एकच पीएमआय जाते. स्वतःचा हायपरव्हायझर लिहीत असाल तर पहिल्या दिवसापासून हाच नियम ठेवा, विनंती फक्त बिट म्हणून ठेवायची आणि पीएमआय द्यायची जागा एकच असायची.

एलव्हीटीपीसीचा मास्क, आमचा घोटाळा इथे होता

इंटेलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे की लोकल एपीआयसीने पीएमआय हाताळली की एलव्हीटीपीसीमधला मास्क बिट (लागला की इंटरप्ट अडते), म्हणजे बिट १६, तो आपणहून लावतो. पुढची पीएमआय हवी असेल तर हँडलरने तो काढायचा. हॅसवेलपासून पुढे लिनक्स हा मास्क हँडलरच्या शेवटी काढतं, सगळी आवराआवर झाल्यावर. याचा फायदा असा की आवराआवर चालू असताना दुसरी पीएमआय मध्ये घुसत नाही.

केव्हीएमच्या नकली एपीआयसीत हे आपोआप मास्क होणं २०२३ पर्यंत नव्हतं. मग व्हायचं काय, गेस्टचा हँडलर चालू असताना केव्हीएम दुसरी पीएमआय टाकायचं, ती एनएमआय म्हणून रांगेत थांबायची, तोवर पहिला हँडलर स्टेटसचे सगळे बिट साफ करून मोकळा व्हायचा, तो परतला की थांबलेली एनएमआय आत यायची, गेस्टचं पर्फ स्टेटस वाचायचं तर शून्य, माझी नाही म्हणायचं, बाकी कुणीही माझी म्हणायचं नाही, आणि लिनक्स लिहायचं की अननोन रीझन. आमच्या डीमेसेजमधल्या ओळी याच. होस्टवर जुना कर्नल होता, तो बदलल्यावर एकही ओळ आली नाही.

एएमडीवर गोष्ट उलटी. तिथे हार्डवेअर स्वतः मास्क लावत नाही, त्यामुळे एएमडीचा गेस्टही मास्क काढत बसत नाही. २०२३ ची दुरुस्ती एएमडीलाही लागू झाली आणि तिथे पहिल्या पीएमआयनंतर एलव्हीटीपीसी मास्क होऊन राहायची ती राहायचीच. २०२४ मध्ये ते वेगळं काढलं, मास्क फक्त इंटेलसारख्या गेस्टला. म्हणजे लक्षणावरून निदान होतं: इंटेल गेस्टमध्ये बेवारस एनएमआयचा पाऊस पडत असेल तर होस्टचा कर्नल २०२३ च्या दुरुस्तीआधीचा असेल, आणि एएमडी गेस्टमध्ये पहिल्या सॅम्पलनंतर सगळं गप्प झालं तर दोन दुरुस्त्यांच्या मधला. दोन्हीत बदलायचा तो होस्टचा कर्नल, गेस्टला हात लावू नका.

तीन ठिकाणी मोजा, आकडे जुळवा

आता प्रत्यक्ष तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी हीच, बाकी काही केलं नाही तरी ही करा. एक साधा प्रोग्राम घ्या, लूप फिरवणारा, साधारण १०० कोटी इन्स्ट्रक्शन चालवेल असा. गेस्टमध्ये पर्फ रेकॉर्ड लावा, इव्हेंट इन्स्ट्रक्शन्स, फक्त यूजर मोड, आणि फ्रीक्वेन्सी न देता ठरलेला पिरियड द्या, १० लाख. म्हणजे हजाराच्या आसपास पीएमआय यायला हव्यात. फ्रीक्वेन्सी मोडमध्ये पर्फ स्वतः पिरियड बदलत राहतं, त्यात हिशोब लागत नाही.

पहिला आकडा होस्टवर: बीपीएफट्रेस या टूलने केव्हीएम_पीएमयू_डिलिव्हर_पीएमआय वर केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवरचा पहारा) लावून किती वेळा बोलावलं ते मोजा, चाचणीच्या वेळी तो एकच गेस्ट चालू ठेवा. दुसरा गेस्टमध्ये: प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमधली एनएमआयची ओळ, आधीची आणि नंतरची, सगळ्या सीपीयूंची बेरीज करून फरक काढा. तिसरा त्याच फाइलमधली पीएमआयची ओळ. एनएमआयची ओळ आलेली प्रत्येक एनएमआय मोजते, पीएमआयची ओळ पर्फने ओळखून हाताळलेलीच मोजते, म्हणून या दोघींचा फरक हाच तुमचा बेवारस आकडा. थोडा इकडेतिकडे चालतो, हँडलर एकाच फेरीत दोनदा स्टेटस बघू शकतो. गेस्टच्या वॉचडॉगची काळजी सहसा करावी लागत नाही, लिनक्स केव्हीएम गेस्ट म्हणून उठलं की हार्ड लॉकअप डिटेक्टर डिफॉल्टने बंदच ठेवतं.

होस्टचा आकडा हजार आणि गेस्टची एनएमआय त्याहून बरीच कमी, तर मधेच एकत्र झाल्यात. एक एनएमआय चालू असताना दुसरी एकच थांबू शकते, त्यापुढच्या तिच्यातच मिसळतात, आणि हे बरोबर वागणं आहे. म्हणून गेस्टच्या हँडलरने किती एनएमआय आल्या हे मोजून काम करायचं नाही, दर वेळी स्टेटसमधले सगळे बिट बघायचे. होस्टचा आकडाच शंभर-दोनशे आला तर होस्टचा डीमेसेज बघा, इंटरप्ट टुक टू लाँग असं म्हणून पर्फने सॅम्पल रेट खाली आणलेला असेल आणि तुमचा इव्हेंट थ्रॉटल झालेला असेल. होस्टचा आकडा शून्य आला तर वॉचडॉगच्या पायरीवर परत जा, काउंटरला जागाच मिळालेली नाही.

होस्टवरून गेस्टचं प्रोफाइल हवं असेल तर पर्फ केव्हीएम आहे, गेस्टची कॉलसिम्स (कर्नलच्या फंक्शनच्या नावांची यादी) आणि मॉड्यूल्सची फाइल आधी कॉपी करून द्यायची, मग गेस्टच्या कर्नलमधली फंक्शनची नावं होस्टवर दिसतात. गेस्टला पीएमयू न देताही हे चालतं, आणि बऱ्याच कामांना हेच पुरतं.

खर्च कुठे होतो

गेस्टमधली एक पीएमआय म्हणजे एकच एक्झिट असं समजू नका. गेस्टचा हँडलर आधी सगळे काउंटर बंद करतो, एक एक्झिट. स्टेटस वाचतो, एक. बिट साफ करतो, एक. काउंटरमध्ये परत उणे संख्या भरतो, एक. एलव्हीटीपीसीचा मास्क काढतो, एक. काउंटर चालू करतो, अजून एक. आणि प्रत्येक बंद-चालूला होस्टवर खरा पर्फ इव्हेंट थांबवून परत लावावा लागतो, ते एक्झिटपेक्षाही महाग. पर्फ रेकॉर्ड डिफॉल्टने सेकंदाला ४००० सॅम्पल मागतं, गेस्टमध्ये मी ९९ वर ठेवतो आणि वेळ वाढवतो. पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह होस्टवर लावून बघा, एमएसआर (प्रोसेसरचे खास रजिस्टर) रीड आणि राइटच्या एक्झिट कशा चढतात ते समोर दिसतं.

२०२४ पासून केव्हीएमच्या लोकांनी मेडिएटेड पीएमयूचे पॅचेस आणले ते याच खर्चासाठी. गेस्ट चालू असताना काउंटर सरळ त्याच्या हातात, बाहेर आला की सेव्ह करून होस्टचे परत. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेस्टच्या पीएमआयसाठी होस्टवर एनएमआय न वापरता वेगळा व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) ठेवलाय, त्यामुळे ही पीएमआय कुणाची हा प्रश्न व्हेक्टरवरूनच सुटतो.

एआरएमवर मांडणी वेगळी आहे. तिथे पीएमआय ही जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमधली पीपीआय (एकेका सीपीयूपुरती इंटरप्ट) असते, बहुतेक २३ नंबरची, आणि लेव्हल ट्रिगर्ड. ओव्हरफ्लोचा बिट लागलेला आहे आणि इंटरप्ट मागितलेली आहे तोवर केव्हीएम लाइन वर ठेवतं, गेस्टने बिट साफ केला की खाली. मास्कचा वर सांगितलेला घोटाळा तिथे होत नाही, पण झोपलेला व्हीसीपीयू उठवायची अडचण तीच, होस्टवर पर्फची इंटरप्ट स्यूडो-एनएमआय (एनएमआयसारखी वागवलेली साधी इंटरप्ट) असेल तर तिथेही आयआरक्यू वर्कनेच उठवतात.

केव्हीएमच्या कोडमध्ये काही बदलणार असाल तर पाठवण्याआधी कर्नल सेल्फटेस्टमधली पीएमयू काउंटर्सची टेस्ट चालवा, आणि केव्हीएम-युनिट-टेस्ट्समधली पीएमयूची टेस्ट इंटेल आणि एएमडी दोन्हीवर, वरची मास्कची गोष्ट आठवत असेलच.

आमच्या बिल्ड सर्व्हरचं म्हणाल तर होस्टचा कर्नल बदलल्यावर तिन्ही आकडे हजाराच्या आसपास आले, मग ९९ वर तासभर प्रोफाइल घेतलं आणि वेळ कुठे जातोय ते दिसलं, गेस्टच्या मेमरीमागे होस्टवर ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) नव्हती आणि टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतर जपणारा कॅश) मिस त्यातच वाढले होते. ह्यूज पेजेस त्या इंटर्ननेच लावली, आणि चवथीला गावी जायच्या आदल्या दिवशी बिल्ड पूर्वीच्या वेळात उतरला.